काळं ते खोल

माझ्या भावाचा समुद्र मी अकोल्यात बसून पाहत असे. गोरक्षण रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत उन्हाळाभर कूलर चालतो. त्याच्या टाकीत बोअरचे पाणी असते, आणि ते इतके खारट की वाळ्याच्या जाळीवर मिठाची पांढरी साय धरते. पडदे ओढून केलेल्या त्या दुपारच्या अंधारात, कूलरच्या घरघरीत, संगणकाच्या पडद्यावर एक निळा ठिपका सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने सरकत असे. इतका सावकाश, की टक लावून पाहिले तर तो हलतच नाही असे वाटावे, आणि पाणी पिऊन परत यावे तर तो एखाद्या बेटाच्या आड गेलेला असावा. तो ठिपका म्हणजे माझा थोरला भाऊ, गजेंद्रदादा.

दादा पूर्वी मालवाहू जहाजांवर नोकरीला होता. ती सोडून त्याने एका म्हाताऱ्या परदेशी माणसाकडून जुनी शिडाची नाव घेतली, तिला ‘पूर्णा’ असे नाव दिले आणि एकट्यानेच तो किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडू लागला. पूर्णा ही आमची नदी. दर्यापूरजवळ तिच्या काठी आमचे शेत आहे, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खणली की पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. जुनी माणसे सांगत की इथे कधीकाळी समुद्र होता, आणि जाताना तो आपले मीठ विसरून गेला. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. दादाने तो पाहिला आणि तो त्याचाच झाला.

बाबांना हे पटले नाही. नोकरी सोडली त्या दिवसापासून ते दादाशी बोलत नसत. त्याचा फोन आला की उठून अंगणात जात आणि तो ठेवेपर्यंत बैलांच्या गव्हाणीशी उगीच काहीतरी करत राहत. गावात कुणी विचारलेच, तर त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. “दर्यापूरच्या पोराले दर्या भेटला, अन् बापाच्या वावराले गोडं पाणी काही भेटलं नाही.” ऐकणारे हसत. बाबाही हसत, पण त्यांचे हसणे आधी संपे.

दादा ज्या किनाऱ्याने चालला होता, तिथले नकाशे भरवशाचे नव्हते. मधल्या काळातल्या भूकंपांनी काही खडक वर उचलले होते, काही खाली दाबले होते, आणि नकाशे काढणारे पुन्हा त्या बाजूला फिरकले नव्हते. मैलोन्‌मैल माडांची रांग, एखादी झोपड्यांची वस्ती, मग पुन्हा माड. अशा ठिकाणी खडकांच्या कड्यामागच्या शांत पाण्यात नाव न्यायची, ती डोळ्यांनी. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असला की पाण्याचा रंग उमजतो. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने नाळेवर, म्हणजे नावेच्या अगदी पुढच्या टोकावर, उभे राहून रंग सांगायचे. पांढरट ते वाळूचे उथळ, हिरवे ते जेमतेम पुरुषभर, निळे ते खोल. आणि तपकिरी दिसले तर ते प्रवाळाचे खडक. त्यांच्यापासून दूर राहायचे.

दादा एकटा होता. सुकाणू सोडून नाळेवर जाणे त्याला शक्य नव्हते. म्हणून नाळेवर मी उभा राहिलो.

शेतांच्या हद्दी उपग्रहचित्रांवर आखून देण्याचे काम मी अकोल्यातल्या एका लहानशा कचेरीसाठी घरूनच करतो. दिवसभर वरून जमीन पाहण्याची मला सवय आहे. दादाजवळ उपग्रहावरून निरोप आणि आपला ठावठिकाणा धाडणारे एक तळहाताएवढे यंत्र होते. त्यातून चित्र जात नसे. चार ओळींचा मजकूर तेवढा जाई, आणि तोही आम्ही रोमन अक्षरांत लिहीत असू, कारण देवनागरीला त्यात जागा जास्त लागे. तो पुढच्या बेटाचे नाव कळवी. मी त्या बेटाची चित्रे काढून, मोठी करून पाही, खडकांमधले दार शोधी आणि कुठून आत शिरायचे ते अक्षांश-रेखांशांसह लिहून पाठवी. पहिल्यांदा ते जमले तेव्हा त्याने लिहिले होते, “तू माह्या नाळेवर उभा हायेस, ध्यानात ठेव.” ज्याची जीभ चारचौघांत टाळूला चिकटते, त्याला चार ओळींचे निरोप फार सोयीचे असतात. त्या महिन्यांत मी जितका बोललो, तितका आयुष्यात कधी बोललो नसेन.

उन्हाळ्याच्या तोंडी बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अमरावतीला झाली. डाव्या डोळ्याची महिन्याभराने व्हायची होती. तोवर गावी धुळीत राहू नये, म्हणून आई-बाबा माझ्याकडे अकोल्याला आले. काळा चष्मा उतरल्यावर बाबा काही दिवस लहान मुलासारखे वागत होते. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, घरातल्या वस्तू पाहत बसत. नव्या डोळ्याने भिंत निळसर पांढरी दिसे, जुन्याने चहा सांडल्यासारखी मातकट. आपला धुतलेला सदरा उन्हाकडे धरून त्यांनी आईला विचारले, “नीळ जास्त टाकली काय वं?”

“नीळ टाकाची कधीच बंद केली म्या,” आई म्हणाली. “इतक्या वर्षांत आज पाह्यलं तुमी माह्यं धुणं.”

आईचा समुद्राशी संबंध एका प्रश्नापुरता होता. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता, ती विचारी, “जेवला का थो?” मी निरोपाच्या शेवटी तेवढे जोडी आणि दादा न चुकता उत्तर देई, भात, मासा, कधी नुसते नारळ. मग ती तव्यावर पुढची पोळी टाकी.

एका दुपारी बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे काय होय?”

“समुद्र.”

“कोठचा?”

मी किनाऱ्याचे नाव सांगितले. दादाचे घेतले नाही. त्यांनीही विचारले नाही. स्टूल ओढून ते शेजारी बसले, जुना डोळा तळहाताने झाकला आणि पडद्याकडे पाहू लागले. मग त्यांनी बोट टेकवले. “ही बरड हाये.”

मी त्यांच्याकडे पाहिले. बोटाखाली वाळूचा पांढरट पट्टा होता.

“अन् इथून मुरूम लागला,” बोट सरकत गेले. “इथं जरा बरी. अन् हे काळं. हे खोल हाये.”

आमच्याकडे जमीन अशीच वाचतात. माळाकडची बरड, म्हणजे उथळ, खडकाळ जमीन, फिकट असते. तिच्यात पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. नदीकडे उतरावे तसतशी ती काळी होत जाते, आणि जितकी काळी तितकी खोल. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. लहानपणी मी आणि दादा अशा एका भेगेत तुराटी, म्हणजे तुरीची लांब काडी, सोडत असू, आणि ती संपली तरी तळ लागत नसे. बाबा शेत विकत घेणाऱ्यांबरोबर बांधावर जात, डोळे बारीक करत आणि एवढेच म्हणत, “काळं ते खोल.” त्यांचा शब्द कधी खोटा ठरल्याचे कुणाला आठवत नव्हते.

त्या दिवसापासून दुपारचा चहा ते पडद्यासमोर पिऊ लागले. मी दाराची जागा शोधी आणि ते रंग सांगत. माझ्याही निरोपांत आपोआप त्यांचे शब्द आले; ते आखूड होते. “डावीकडे बरड. उजवीकडे काळी, तिथून ये.” तिकडून उत्तर येई, “बरोबर. भरपूर पाणी.” असे काही वेळा झाल्यावर एकदा दादाने विचारले, “बाजूले कोण बसलं हाये?”

काय लिहू, असे मी बाबांना विचारले.

“माह्यं नाव नोको सांगू.”

मी थोडा विचार करून लिहिले, “कूलर.”

उत्तर यायला वेळ लागला. त्याच्या आणि आमच्या मध्ये आकाश होते, आणि आकाशाला घाई नसते. मग आले, “कूलरले सांग, नजर चांगली हाये.” मी ते मोठ्याने वाचून दाखवले. बाबा उठले, बादली घेतली आणि काठोकाठ भरलेल्या कूलरमध्ये आणखी पाणी ओतू लागले. फरशीवर ओघळ आला तेव्हा आईने आतून विचारले की घरात काय सांडले.

ते दिवस फार चांगले होते. ते चांगले आहेत हे मला तेव्हाच कळत होते, आणि म्हणून मी मनातल्या मनात थोडा भीत होतो.

मग दादाला ताप आला. आधी त्याने तो थट्टेवारी नेला. अकोल्याचे ऊन अंगात घेऊन फिरतो आहे, असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याचे निरोप आखूड झाले. त्यात इंजिन बंद पडले. डिझेलमध्ये पाणी गेले होते आणि ते उपसून काढण्याएवढे बळ त्याच्या हातात राहिले नव्हते. उरली फक्त शिडे. एकटा नावाडी खुल्या समुद्रात तुकड्या-तुकड्यांनी झोपतो, पण तिथे एका हाताला खडक होते आणि दुसऱ्या हाताला दिव्याविना हिंडणाऱ्या मासेमारी होड्या. डोळा लागला की नाव किनाऱ्याकडे सरके. ताप चढत होता, झोप साचत होती, आणि पश्चिमेला ढगांची एक काळी भिंत उभी राहत असल्याचे त्याने कळवले. हवामानाच्या चित्रात मलाही ती दिसत होती.

मी त्याला एखाद्या बंदराकडे वळायला सांगितले. त्याने लिहिले की बंदर फार दूर आहे, तिथवर तो जागा राहणार नाही. आणि मग एक ओळ आली.

“मले फक्त झोपाले जागा पाह्यजे.”

जवळ एकच जागा होती. एक लहान बेट, त्याभोवती खडकांचे कडे, आणि आत तळ्यासारखे निवांत पाणी. कड्याला दोन दारे होती. पश्चिमेचे रुंद होते, पण खुल्या समुद्राच्या लाटा त्यात फुटत होत्या. इंजिनावाचून तिथून जाणे म्हणजे आपल्याच हाताने नाव खडकावर आपटणे होते. पूर्वेचे दार अरुंद, पण बेटाच्या आडोशाला. वारा दक्षिणेचा होता, शिडावर आत शिरता येईल असा. त्या दाराच्या तोंडात डाव्या हाताला हिरव्या पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती, आणि उजव्या हाताला एक गडद डाग.

चित्र एकच होते, आणि तेही जुने. बाकी सगळ्या चित्रांत बेटावर ढग बसलेले होते. मी तो डाग मोठा केला; तो चौकटी-चौकटींत फुटला. लहान केला, पुन्हा एकसंध, गडद. ती खोली असू शकत होती. एखाद्या ढगाची सावली असू शकत होती. आणि तिसरेही काही असू शकत होते. हिरवी पट्टी पुरुषभर पाण्याची, म्हणजे नावेच्या तळाला चाटून जाईल अशी. एरवी मी लिहिले असते, थांब, उद्या माध्यान्हीला आत शीर, तोवर बाहेर घिरट्या घाल. पण घिरट्या घालायला माणूस जागा असावा लागतो. तिकडे दिवस आपल्याआधी मावळतो. अकोल्याच्या गच्च्यांवर अजून पांढरे ऊन होते, तेव्हा तिथला सूर्य उतरला होता. आणि पूर्वेच्या दाराने आत शिरायचे म्हणजे तो थेट डोळ्यांत. दादाला पाण्याचा रंग दिसणार नव्हता. त्याला फक्त माझा निरोप दिसणार होता.

“मले समजून नाही राहिलं, बाबा,” मी म्हणालो.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, स्टूल पुढे घेतले, जुना डोळा झाकला. तोंड पडद्याच्या इतके जवळ नेले की त्यांचा श्वास काचेवर उमटला.

“काळं हाये.”

“तपकिरी तर नाही ना?”

त्यांनी हात काढून नवा डोळा झाकला, क्षणभर पाहिले, आणि पुन्हा हात बदलला. “त्या डोळ्यानं मले सारंच मातकट दिसते. तुह्या मायचं लुगडंबी मातकट दिसते. त्याचं काय धरू म्या? नव्या डोळ्यानं पाहून राहिलो. काळं हाये अन् काळं ते खोल. सांग त्याले.”

ज्याला स्वतःला ठरवता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या ठामपणाची ऊब लगेच लागते. मी लिहिले, “पूर्वेचं दार. डावीकडे बरड. उजवीकडे काळी. काळीवरून ये.” खाली आकडे लिहिले, ते दोनदा तपासले, आणि पाठवले.

उत्तर आले, “येतो.” घरातून निघतानाही माणूस हेच म्हणतो.

ठिपका सरकू लागला. बेटाच्या उत्तरेने वळसा घेऊन तो पूर्वेला आला, दारासमोर आला. आई लाटणे हातात घेऊन दाराशी उभी राहिली. ठिपका थोड्या थोड्या वेळाने उडी घेतल्यासारखा पुढे येई, आणि प्रत्येक उडीला बाबा घशातून अस्फुट आवाज काढत, जसा चढावर बैलांना धीर देताना काढतात. मग तो दारात आला. मग गडद डागावर आला. मग थांबला.

आम्ही वाट पाहिली. तो तिथेच होता.

“पोचला,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. त्यांच्या चेहऱ्यावर असे काही होते, जे मी पूर्वी फक्त पीक घरात येताना पाहिले होते. “टाकला त्यानं नांगर.”

“मंग आता झोपू द्या त्याले,” आई म्हणाली. “निरोप-बिरोप धाडून उठवू नोको, शिवम.” आणि ती आत गेली. बाबांनी कूलरचा वेग कमी केला, जणू त्याच्या आवाजाने तिकडे कुणाची झोप मोडणार होती.

नावाडी नांगर टाकतो तो आत, निवांत पाण्यात. दारात कुणी नांगर टाकत नाही.

मी आईचे ऐकले नाही. एक निरोप पाठवला, मग दुसरा. मग नुसतेच “दादा” लिहिले. फोन घेऊन मी गच्चीवर गेलो. समुद्रावरच्या संकटांसाठी जे क्रमांक असतात, ते मी पूर्वीच शोधून ठेवले होते. एकाने मला दुसऱ्याकडे सोपवले, दुसऱ्याने पहिल्याकडेच परत पाठवले. माझ्या अडखळत्या इंग्रजीत मी नावेचे नाव सांगितले, एकेक अक्षर सुटे करून सांगितले, तरी त्यांनी ते तीनदा वेगवेगळे वाचले. दूरच्या एका देशातल्या बाईंनी फार मायेने सांगितले की जवळची मदत-होडीदेखील तिथून दिवसभराच्या वाटेवर आहे, आणि त्या बाजूचे हवामान बिघडते आहे; हवामान निवळले की पाहू. आणखी एकाने मी कुठून बोलतो आहे असे विचारले. अकोला, मी म्हणालो. अकोला हे कोणत्या समुद्रावरचे बंदर, असे त्याने अतिशय सभ्यपणे विचारले.

गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होते. खाली रस्त्यावर बर्फगोळ्याची गाडी घंटी वाजवत चालली होती. सगळीकडे कोरडी, तापलेली, भक्कम जमीन होती, जिच्यावर कुणीही कुठेही आडवे होऊन झोपू शकत होते.

खाली आलो तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिले. “काहून रे?”

“झोपला असन,” मी म्हणालो.

त्या रात्री घरात सगळे वेळेवर आडवे झाले आणि कुणी झोपले नाही. निरोप आला तो सकाळी, नळाला पाणी आलेले असताना, आईच्या हातात कळशी असताना. बाबा धावत आले. त्यांना रोमन अक्षरे लागत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

निरोपाची पहिली ओळ होती, “ते काळं नव्हतं.” ती मी वाचली नाही. पुढचे वाचून दाखवले. नाव खडकावर बसली होती आणि फुटली होती. दादा पोहत किनाऱ्याला लागला होता. मासेमारांनी त्याला पाहिले, झोपडीत नेले, कसलातरी पाला उकळून पाजला. ओहोटीला नावेतून यंत्रही त्यांनीच आणून दिले. शेवटचा शब्द होता, “झोपलो.”

आई कळशी घेऊनच खाली बसली. कळशीतले पाणी हिंदकळून तिच्या पदरावर आले, आणि ते तसेच राहू देऊन ती रडली. बाबा मात्र उभेच होते.

“बस, एवढंच?”

“एवढंच.”

“मंग नाव काहून बसली?”

“वारा फिरला.”

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एक मिटून. “हो,” ते म्हणाले. “वारा फिरते.”

पुढचे काही दिवस दादा त्याच किनाऱ्यावर होता. ताप उतरत गेला तसा तो ओहोटीच्या वेळी खडकावर जाऊन नावेतले जे सुटेल ते सोडवून आणू लागला. प्रत्येक भरती तिच्यातले काहीतरी घेऊन जाई. त्याचे निरोप एखाद्या आजाऱ्याच्या प्रकृतीसारखे येत. आज सुकाणू गेलं. आज डोलकाठी आडवी झाली. आज तळ उघडा पडला. मी फक्त “वाचलं” असे लिहीत असे. तिथे दोरीचे एक टोक धरायलाही माणूस हवा होता, आणि माझे दोन्ही हात अकोल्यात होते.

दादा दुसऱ्या एका मोठ्या गावात पोचला तेव्हा त्याने कुणाचा तरी फोन मागून घेतला. आवाज बारीक झालेला होता, पण त्याचाच होता. आईशी तो बोलला. जेवलो, म्हणाला, आणि काय जेवलो तेही सांगितले. मग फोन माझ्याकडे आला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “कूलरले दे.”

बाबा गच्चीच्या जिन्यात बसले होते. एरवी ते उठून गेले असते. मी फोन पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी, जसे काही ओले असलेले घ्यावे.

मला एकच बाजू ऐकू येत होती, आणि तिच्यात शब्द फार थोडे होते.

“हो,” बाबा म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. “म्याच सांगतलं होतं. थो नव्हता सांगत, म्या सांगतलं.” पुन्हा ऐकत राहिले. जिन्याच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा एक चौकोन त्यांच्या पायांवरून सरकून पुढच्या पायरीवर गेला. शेवटी त्यांनी विचारले, “तुले झोप लागते का आता?”

उत्तर काय आले ते त्यांनी सांगितले नाही. दादाने मला मागाहून सांगितले की त्याने बाबांना समजावले होते. सूर्य डोळ्यांत होता, समोरचे पाणी त्यालाही काळेच दिसले, आणि तोही त्याच वावरात वाढलेला, त्यालाही ते खोलच वाटले. हे खरे होते का, असे मी विचारले नाही. त्यानेही आपणहून सांगितले नाही.

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस आला. अमरावतीची एसटी सकाळची होती. आईने पिशवी भरून दाराशी ठेवली होती. वर बाबांचा धुतलेला सदरा, घडी घालून. बाबा अंघोळ करून आले आणि माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसले.

“थे दाखव.”

मला कळले. मी बेट उघडले. त्या बाजूचे आकाश एक दिवस निवळले होते, आणि त्या दिवशीचे नवे चित्र, ज्यात तो डाग स्वच्छ तपकिरी दिसत होता, मी आधीच काढून ठेवले होते. पण बाबांपुढे मी जुनेच ठेवले. तोच गडद डाग, त्याच चौकटी. त्यांनी तळहात उचलला आणि या वेळी नवा डोळा झाकला. जुन्या डोळ्याने, दुधाळ झालेल्या बुबुळाने, ते पाहत राहिले.

“हा राहू दे,” ते म्हणाले.

“काय राहू दे?”

“हा डोळा. याले हात नाही लावू देणार म्या कोणाले.”

“बाबा, मोतीबिंदू हाये त्यात. सारंच तसं दिसते त्यानं. तुमीच म्हणत होते.”

“दिसू दे.” ते माझ्याकडे वळले नाहीत. “यानं बरोबर दिसून राहिलं होतं. म्या ऐकलं नाही याचं.”

दारातून आईने विचारले की मग जायचे नाही काय, एसटी कुणासाठी थांबत नाही. बाबांनी ते ऐकले नसावे. त्यांचे बोट पडद्यावर हळूहळू फिरत होते. बेटाच्या माडांवरून, वाळूवरून, दारावरून आणि पुढे, जिथे मैलोन्‌मैल खोल, निळा, निर्धोक समुद्र पसरला होता.

“पाह्य,” ते म्हणाले. “मातकट हाये.”

मी त्यांच्या बोटाकडे पाहिले. ते भर समुद्रात होते.

“हो बाबा,” मी म्हणालो.